चषकाला टीप आहे, किनारीला नाही

आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' या कथासंग्रहाची टिपांसह छापलेली एक इंग्रजी अभ्यासआवृत्ती मी गेले काही महिने वापरत आहे आणि हे परीक्षण तिचेच आहे. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवांविषयी लिहायचे आहे त्या कमीअधिक प्रमाणात अशा बहुतेक आवृत्त्यांत आढळतात आणि एकट्यालाच धारेवर धरणे न्यायाचे होणार नाही. संग्रहात १५ कथा आहेत. मी मात्र एकाच कथेच्या आधारे ही आवृत्ती तपासली, ती म्हणजे तिसरी कथा, 'ॲरबी'. एक शाळकरी मुलगा मित्राच्या बहिणीवर जीव टाकतो आणि आपल्या मनात काय चालले आहे ते सांगण्यासाठी त्याच्याजवळ प्रार्थनेखेरीज दुसरी भाषा नसते, एवढाच तिचा विषय. इंग्रजीत पाच-सहा पानांत संपणारी ही कथा टीपकाराची परीक्षा पाहते. जे शब्द कठीण दिसतात त्यांचे अर्थ कोशात सापडतात आणि जे शब्द साधे दिसतात त्यांच्याच आड सगळे दडलेले असते.

आधी पुस्तकाच्या बांधणीविषयी. कागद पातळ असला तरी मागचा मजकूर पुढे उमटत नाही, अक्षर डोळ्यांना सोसेल इतके मोठे आहे आणि समासात पेन्सिलीने दोन ओळी लिहिता येतील एवढी जागा सोडली आहे. टिपा मात्र पानाच्या तळाशी न देता पुस्तकाच्या शेवटी एकत्र छापल्या आहेत. त्यामुळे दोन खुणा घालून, एक बोट मागे आणि एक पुढे ठेवून वाचावे लागते. 'ॲरबी'सारख्या एका दमात वाचायच्या कथेचा या धावपळीत श्वास तुटतो. माझा सल्ला असा की पहिल्या वाचनात टिपांकडे फिरकूच नये.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डब्लिनच्या नॉर्थ रिचमंड स्ट्रीट या बंद तोंडाच्या गल्लीत एक मुलगा काका-काकूंकडे राहतो. (इंग्रजीतील नात्यावरून ती काकू, मामी की मावशी हे कळायला मार्ग नाही, मी सोयीसाठी काकू म्हणते.) घरात पूर्वी एक धर्मगुरू भाड्याने राहत होता आणि मागच्या दिवाणखान्यात त्याचा मृत्यू झालेला आहे. समोरच्या घरातील मँगन या मित्राची बहीण मुलाच्या मनात भरते. तिला कथेत नाव नाही. एके दिवशी ती होऊन त्याच्याशी बोलते, 'ॲरबी' नावाच्या बाजाराला जाणार का असे विचारते आणि आपल्याला मात्र कॉन्व्हेंटमधील रिट्रीटमुळे (काही दिवसांच्या धार्मिक एकांतवासामुळे) जाता येणार नाही असे सांगते. गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन, असा शब्द तो देऊन बसतो. ठरलेल्या शनिवारी काका उशिरा घरी येतात, मुलगा रात्री दहाच्या सुमारास बाजारात पोहोचतो, तेव्हा बहुतेक दुकाने बंद झालेली असतात. काहीही न घेता तो अंधारात वर पाहत उभा राहतो आणि कथा संपते.

ऐतिहासिक तपशिलांच्या बाबतीत आवृत्ती चोख आहे हे आधीच मान्य करते. हा बाजार जॉइसच्या कल्पनेतला नाही. १४ ते १९ मे १८९४ या काळात डब्लिनमधील बॉल्सब्रिज येथे 'ॲरबी' नावाचा पौर्वात्य थाटाचा मोठा मेळा खरोखरच भरला होता आणि त्याचे उत्पन्न जेर्व्हिस स्ट्रीट रुग्णालयासाठी होते. जॉइस तेव्हा १२ वर्षांचा होता आणि त्याचे कुटुंब काही काळ याच नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवर राहिले होते. कथा लिहिली तेव्हा तो २३ वर्षांचा होता, आयर्लंड सोडून ट्रिएस्टला राहत होता, वर्ष १९०५. संग्रह प्रत्यक्ष छापून बाजारात यायला १९१४ उजाडले. मधल्या काळात एका प्रकाशकाने करार करून माघार घेतली आणि दुसऱ्याच्या मुद्रकाने १९१२ मध्ये छापून झालेले कागद नष्ट केले. हा इतिहास प्रस्तावनेत नीट आला आहे. तो वाचताना मला एका गोष्टीची गंमत वाटली. 'टू गॅलंट्स' आणि 'ॲन एन्काउंटर' या कथांवरून अश्लीलतेच्या आणि औचित्याच्या वाटाघाटी रंगत होत्या, तेव्हा ही शांत, देवभोळी दिसणारी कथा त्या वादाच्या मध्यभागी नव्हती. ओढ इतक्या नीट झाकलेली होती की राखणदारांनी तिला वंदन करून पुढे जाऊ दिले असावे.

टिपांपैकी काही खरोखर उपयोगी आहेत. बाजाराचे नाव निघताच काकूला तो फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या लोकांचा उद्योग नसावा अशी धास्ती वाटते. कॅथलिक चर्चने आपल्या अनुयायांना त्या संघटनेत जाण्यास मनाई केली होती हे सांगितल्याशिवाय त्या वाक्यातील विनोद कळत नाही, आणि टीपकाराने ते सांगितले आहे. काकांची वाट पाहत बसलेली मिसेस मर्सर ही सावकाराची विधवा कसल्याशा पुण्यकार्यासाठी वापरलेली टपाल तिकिटे गोळा करते, तिच्याबद्दलची टीपही चांगली आहे. मोठ्यांच्या जगात धर्म असा सुटा, चिल्लर होऊन आलेला आहे. गहाण ठेवून घेणाऱ्याची बायको, देवासाठी तिकिटे, चहा आणि कुचाळक्या. त्या टेबलाशी बसून तो मुलगा मनातल्या मनात जळत असतो.

पैशांच्या टिपेत मात्र आवृत्ती अर्ध्यावर थांबते. काका देतात ते नाणे फ्लोरिन, म्हणजे २ शिलिंग, म्हणजे २४ पेन्स. एवढे सांगून टीप संपते. कथेत पुढचा हिशेब दिलेलाच आहे. सहा पेन्सचे प्रवेशद्वार सापडेना आणि बाजार बंद होईल या भीतीने मुलगा पूर्ण १ शिलिंग, म्हणजे १२ पेन्स, देऊन आत शिरतो. शेवटी त्याच्या खिशात दोन सुट्या पेनी आणि एक सहा पेन्सचे नाणे, म्हणजे ८ पेन्स उरतात. याचा अर्थ आगगाडीला ४ पेन्स गेले असावेत. ही बेरीज-वजाबाकी वाचकापुढे ठेवली असती, तर तिला काहीतरी आणीन हा शब्द नेमका कुठे मोडला ते दिसले असते. घाईघाईने आत शिरण्यासाठी त्याने जे जास्तीचे ६ पेन्स दिले, त्यांतच त्या भेटवस्तूचा मोठा वाटा गेला. मंदिरात वेळेवर पोहोचण्याच्या धडपडीत पूजेचे साहित्यच खर्ची पडावे, तसा हा प्रकार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दर शनिवारी संध्याकाळी मुलगा काकूबरोबर बाजारहाट करायला जातो. रस्त्यावर दारुडे, घासाघीस करणाऱ्या बायका, मजुरांच्या शिव्या, डुकराच्या मांसाच्या पिंपांवर पहारा देणारी दुकानातली पोरे आणि ओडोनोव्हन रोसा या क्रांतिकारकाची गाणी गाणारे भिकार गायक यांची गर्दी आहे. या गर्दीतून आपण एक पवित्र चषक शत्रूंच्या जमावातून सुखरूप नेत आहोत असे त्याला वाटते. तिचे नाव त्याच्या ओठांवर अचानक येते ते प्रार्थना आणि स्तुती यांच्या रूपात, आणि त्या प्रार्थनांचा अर्थ त्याला स्वतःलाही लागत नाही. या चषकाला आवृत्तीत लांबलचक टीप आहे. मध्ययुगीन दंतकथेतील ज्या पवित्र पात्राच्या शोधात सरदार बाहेर पडत, त्याचा हा संदर्भ आहे, मुलगा स्वतःला सरदार समजतो आणि कथा ही एका शोधयात्रेची विडंबनात्मक आवृत्ती आहे, असे ती सांगते.

हे चूक आहे असे म्हणता येणार नाही, पण ते फार दूरचे आहे. (मराठीत तर आणखीच अडचण आहे, कारण चषक म्हटले की आपल्याला आधी क्रीडास्पर्धा आठवते आणि मग मद्य, वेदी तिसऱ्या क्रमांकावरही येत नाही.) डब्लिनमधील कॅथलिक मुलाने हा चषक दंतकथेत वाचण्याच्या कितीतरी आधी दर रविवारी वेदीवर पाहिलेला असतो. त्या काळच्या प्रथेप्रमाणे सामान्य भाविकाला प्रसादाची भाकर मिळे, द्राक्षारसाचा चषक मात्र धर्मगुरूच्याच हाती असे. जी वस्तू आपल्या हाती कधीच येणार नाही, जिच्याकडे गुडघे टेकून दुरूनच पाहायचे असते, ती मुलगा मनाने उचलून बाजारातून नेतो. यातले धाडस शोधयात्रेतल्या सरदाराच्या धाडसाहून वेगळे आहे. वेदीच्या कठड्यापलीकडे न विचारता पाऊल टाकण्याचे ते धाडस आहे आणि म्हणूनच त्यात सुख आणि अपराध एकत्र आहेत.

यापेक्षा मोठी चूक अशी की टीपकार संग्रहाच्या पहिल्याच कथेकडे बोट दाखवत नाही. 'द सिस्टर्स'मध्ये एक धर्मगुरू आहे, त्याच्या हातून चषक फुटला होता आणि त्यानंतर त्याचे मन ढळले, असे त्याच्या बहिणी सांगतात. दोन कथा पुढे दुसरा एक मुलगा, जेथे दुसरा एक धर्मगुरू मेला त्या घरात राहून, न फुटलेला चषक छातीशी धरून चालतो. पहिल्या तिन्ही कथांत निवेदक मुलगाच आहे आणि जॉइसने त्या बालपणाच्या कथा म्हणून एकत्र ठेवल्या आहेत. हा धागा शोधायला दंतकथांचा अभ्यास लागत नाही, पाने मागे उलटावी लागतात. टीपकार ग्रंथालयात गेला आणि हातातले पुस्तक टेबलावरच विसरला.

मृत धर्मगुरूच्या अडगळीत मुलाला तीन पुस्तके सापडतात. वॉल्टर स्कॉटची 'द ॲबट' ही कादंबरी, जिच्यात स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या कैदेची कहाणी आहे. 'द डिव्हाउट कम्युनिकंट' हे प्रसाद घेण्यापूर्वीच्या भक्तीचे पुस्तक. आणि विदोक या फ्रेंच माणसाच्या, गुन्हेगाराचा पुढे पोलिसी हेर झालेल्याच्या, आठवणी. मुलाला तिसरे सर्वांत आवडते, कारण त्याची पाने पिवळी आहेत. आवृत्तीत तिन्ही पुस्तकांवर स्वतंत्र टिपा आहेत, वर्षे आहेत, लेखक आहेत आणि त्या टिपा एकमेकींशी एक शब्दही बोलत नाहीत. कथेत मात्र ही तीन पुस्तके म्हणजे मुलाच्या प्रेमाची तीन अंगे आहेत. तो तिला कैदेतील राणीसारखे उंच जागी बसवतो. तो तिची उपासना करतो. आणि तो हेरासारखा तिच्यावर नजर ठेवतो, कारण रोज सकाळी पुढच्या खोलीत जमिनीवर आडवे पडून, खिडकीचा पडदा तळाशी इंचभर उघडा ठेवून तो तिच्या दाराकडे पाहत असतो. ती बाहेर पडली की दप्तर उचलून मागे जातो आणि वाटा फुटण्याच्या ठिकाणी पावले भरभर टाकून तिला ओलांडतो. या इंचभर फटीत कसलाही आदर्शवाद नाही. ती फट विदोककडून आलेली आहे. आवडीचे कारण म्हणून पानांचा पिवळेपणा पुढे करणारा हा मुलगा खरे कारण लपवतो आहे, निदान त्याला ते माहीत नाही, असा संशय एकाही टिपेत व्यक्त होत नाही.

कथेचा गाभा मला वाटतो तो मागच्या दिवाणखान्यातील प्रसंग. पावसाळी अंधारी संध्याकाळ आहे, घरात कोणी नाही, फुटक्या तावदानातून पावसाचा आवाज येतो आहे. आपल्याला फारसे काही दिसत नाही याबद्दल मुलगा कृतज्ञ आहे. त्याची सारी इंद्रिये जणू पदर ओढून घेऊ पाहतात. मग तो दोन्ही तळवे एकमेकांवर असे दाबतो की ते थरथरू लागतात आणि प्रेमाला उद्देशून तोच एक उद्गार पुन्हा पुन्हा पुटपुटतो. ज्या खोलीत धर्मगुरूने प्राण सोडले तीच ही खोली. हात जोडलेले, ओठ हलताहेत, अंधार. बाहेरून पाहणाऱ्याला ही प्रार्थनाच वाटेल. आतून काय आहे ते सांगण्याची गरज जॉइसला वाटली नाही, कारण जोडलेल्या तळव्यांच्या दाबात ते आलेच आहे. या संपूर्ण परिच्छेदाला आवृत्तीत एकही टीप नाही. त्यात कठीण शब्द नाही, स्थळनाम नाही, नाणे नाही. तेव्हा टीपकाराला तेथे थांबण्याचे कारण दिसले नाही.

मराठी वाचकाला या जागी आपल्याकडची विराणी आठवणे स्वाभाविक आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत जीव विरहिणी होतो आणि विठ्ठल प्रियकर. माणसाच्या ओढीची सगळी शब्दसंपदा तेथे देवाच्या पायी वाहिलेली असते आणि कोणाला त्यात संकोच वाटत नाही. या डब्लिनच्या मुलाचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. देवासाठी शिकवलेली शब्दसंपदा तो एका मुलीच्या पायी वाहतो, आणि त्याच्या परंपरेत या उलट्या वाटेला मोकळी जागा नसल्यामुळे ते सगळे त्याला अंधाऱ्या खोलीत, पुटपुटत करावे लागते. म्हणून धर्म हा त्याच्या इच्छेवरचा बुरखा आहे, असे प्रस्तावनेत जे म्हटले आहे ते मला पटत नाही. बुरखा काढला की खालचा चेहरा दिसतो. येथे प्रार्थनेचे शब्द काढून घेतले तर मुलाजवळ काहीच उरत नाही, कारण इच्छेचे नाव घेण्यासाठी त्याला दुसरा शब्द कोणी शिकवलेलाच नाही.

पुस्तकाबरोबर कथांच्या ध्वनिमुद्रणाची सोय आहे आणि तिच्याविषयी माझे मत संमिश्र आहे. मागच्या दिवाणखान्यातला उद्गार वाचकाने नाटकातील संवादासारखा खणखणीत म्हटला आहे. मूळ मजकुरात मुलगा पुटपुटतो असे स्पष्ट लिहिलेले असताना हा आवाज कानाला खटकतो. सगळे गुपित एका क्षणात गल्लीभर होते. याउलट बाजारातील प्रसंग त्याने सुरेख वाचला आहे. दुकानातील तरुणी दोन तरुणांशी लाडिकपणे वाद घालते, मी असे म्हटले नव्हते, तू म्हटलेच होतेस, आणि मुलाच्या कानाला त्यांचे इंग्लंडकडचे उच्चार जाणवतात. निवेदनाचा आयरिश सूर आणि या तिघांचा इंग्रजी सूर यांतला फरक ऐकताना लगेच कळतो. ज्या गोष्टीसाठी मुलगा आठवडाभर जळत होता, तीच गोष्ट येथे कोणत्याही पवित्र शब्दाविना, वेळ घालवण्यासाठी, दुकान बंद होता होता चालली आहे. हे ध्वनिमुद्रण ऐकेपर्यंत त्या क्षुल्लक संवादाचा घाव इतका खोल आहे हे मलाही जाणवले नव्हते.

बाजाराच्या वर्णनावरील टिपा नेमस्त आहेत. अर्धा अधिक भाग अंधारात असलेले ते दालन पाहून मुलाला उपासना संपल्यानंतरच्या चर्चमधील शांतता आठवते, आणि दोन माणसे एका तबकात पैसे मोजत असतात. देवळातील सराफांचे चौरंग उलथवणारा येशू येथे अभिप्रेत आहे, असे टीप सांगते आणि ते योग्यच वाटते. मात्र हा बाजार एका रुग्णालयाच्या मदतीसाठी होता आणि ते रुग्णालय 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या संघाच्या जोगिणी चालवत होत्या, ही माहिती त्याच टिपेत असती तर चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले असते. तेथे देऊळ भ्रष्ट होऊन बाजार झालेले नाही. बाजारच पुण्यकार्य म्हणून भरलेला आहे. मुलगा ज्या दोन गोष्टींची मनात सरमिसळ करतो, त्यांची सरमिसळ शहराने राजरोस केलेली आहे, फक्त शहराला त्याची लाज वाटत नाही.

मँगनच्या बहिणीविषयी या आवृत्तीत जवळजवळ काहीच नाही, आणि हा दोष मला अक्षम्य वाटतो. मँगन या आडनावावर जेम्स क्लॅरेन्स मँगन या एकोणिसाव्या शतकातील आयरिश कवीचा उल्लेख करणारी टीप आहे, म्हणजे भावाच्या आडनावाला टीप मिळाली. ती स्वतः मुलाशी पहिल्यांदा बोलते तेव्हा काय करते ते पाहावे. मनगटातील चांदीचे कडे ती गोल गोल फिरवत राहते. आपल्याला बाजाराला जायला फार आवडले असते असे सांगते. कठड्याच्या लोखंडी टोकाला धरून त्याच्याकडे मान झुकवते. जाण्याची इच्छा मूळची तिची आहे. तिला रिट्रीट आडवे येते, म्हणजे काही दिवस प्रवचने, मौन आणि आत्मपरीक्षण यांत घालवणे भाग आहे. रिट्रीट म्हणजे काय याची नेटकी व्याख्या टिपेत दिली आहे. पण ज्या धर्माने मुलाच्या इच्छेला शब्द दिले, त्याच धर्माने मुलीची इच्छा दाराआड बसवली, हे त्या व्याख्येवरून कळत नाही. ते कडे फिरवणे हीच तिची पुटपुट आहे. मुलगा पूजेत इतका गढलेला आहे की समोरची मूर्ती काहीतरी मागते आहे हे त्याला ऐकू येत नाही. त्याला ऐकू येते ती केवळ आज्ञा.

त्याच प्रसंगात समोरच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडतो. आधी मानेच्या गोऱ्या वळणावर, मग केसांवर, मग कठड्यावरच्या हातावर, आणि शेवटी कपड्यांच्या एका बाजूवर उतरून आतल्या घेराच्या पांढऱ्या किनारीवर. हा उजेड चर्चमधल्या पुतळ्यावर पडावा तसा वरून खाली येतो, पण जेथे थांबतो ती जागा कोणत्याही पुतळ्याला नसते. पाहणारा मुलगा हे पाहतो, एक शब्दही बोलत नाही, आणि निवेदक ते तितक्याच कोरडेपणाने लिहून पुढे सरकतो. चषकासाठी अर्धे पान खर्च करणाऱ्या टीपकाराने या किनारीसाठी ओळही दिलेली नाही. पाहून न पाहिल्यासारखे करण्याची कला त्याने बहुधा मुलाकडूनच उचलली असावी.

प्रत्येक कथेच्या शेवटी विद्यार्थ्यांसाठी प्रश्न आहेत. 'ॲरबी'खालचा पहिलाच प्रश्न मुलाला शेवटी कोणती एपिफनी, म्हणजे कोणता अचानक साक्षात्कार, येते असा आहे आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरदर्शिकेत अपेक्षित उत्तर असे की त्याचा भ्रम दूर होऊन त्याला वास्तवाचे भान येते. एपिफनी हा शब्दच मुळात चर्चच्या पंचांगातला, ६ जानेवारीच्या सणाचा. जॉइसने तो आपल्या छोट्या गद्य टिपणांसाठी उसना घेतला आणि समीक्षकांनी त्याची नंतर चलनी नोट केली. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. कथेचे शेवटचे वाक्य पाहावे. अंधारात वर पाहताना मुलाला आपण एक यःकश्चित जीव आहोत, व्हॅनिटीने (पोकळ अहंकाराने) हाकललेला आणि तिनेच हिणवलेला, असे दिसते, आणि त्याचे डोळे वेदनेने आणि संतापाने जळतात. हा 'व्हॅनिटी' शब्द मुलाच्या खेळातला नाही, रस्त्यावरचा नाही, शाळेच्या मैदानावरचा नाही. तो प्रवचनपीठावरचा आहे. बायबलमधील उपदेशकाच्या पुस्तकाची सुरुवातच त्याने होते. म्हणजे ज्या क्षणी त्याचा भ्रम गेला असे आवृत्ती सांगते, त्या क्षणीही तो स्वतःला धर्मगुरूच्याच शब्दांत शिक्षा ठोठावतो आहे. आधी त्याच भाषेत पूजा होती, आता त्याच भाषेत कबुलीजबाब आहे. यातून कोण कसले मुक्त झाले ते मला कळत नाही. कथेच्या पहिल्याच वाक्यात शाळा सुटते तेव्हा मुले मोकळी सोडली जातात असे म्हटले आहे, आणि ती मोकळी होऊन जातात ती बंद तोंडाच्या गल्लीत.

हे शब्द मुलाचे की मोठा होऊन मागे वळून पाहणाऱ्या निवेदकाचे, हा प्रश्न आवृत्तीने एका वाक्यात निकालात काढला आहे: निवेदक प्रौढ आहे आणि त्याचा सूर उपरोधाचा आहे. मला ही वाटणी इतकी सरळ वाटत नाही. चषक, प्रार्थना, स्तुती हे शब्द मुलाचे आहेत; त्यांचा अर्थ आपल्याला कळत नव्हता ही कबुली प्रौढाची. तिचे नाव ऐकताच उसळणाऱ्या रक्ताला मूर्ख म्हणणारा तोच प्रौढ आहे, पण त्या मूर्खपणाचे वर्णन करताना त्याचीही लेखणी थरथरते. प्रस्तावनेत जॉइसच्या चरित्रातील एक गोष्ट दिली आहे, ती येथे उपयोगी पडली असती. बेल्व्हिडिअर या जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत तो मेरीमातेच्या भक्तिमंडळाचा प्रमुख म्हणून निवडला गेला होता. पुढे श्रद्धा सुटली, पण ज्या शब्दांनी ती शिकवली गेली ते शब्द सुटले नाहीत. प्रस्तावनाकाराने ही माहिती शिक्षणाच्या परिच्छेदात, शाळेच्या नावापुढे टाकून दिली आहे.

आता खरेदीविषयी. परीक्षेसाठी ही कथा अभ्यासणाऱ्याला या आवृत्तीचा उपयोग नक्की होईल. स्थळे, नाणी, राजकारण आणि चर्चचे विधी यांची माहिती विश्वासार्ह आहे आणि मी पडताळलेल्या ठिकाणी चूक सापडली नाही. शिकवणाऱ्यांनी मात्र शेवटचे प्रश्न वर्गात आहेत तसे वापरू नयेत, कारण ते कथेला तिच्याहून सोपी करून टाकतात. केवळ वाचनासाठी घ्यायची असेल तर टिपांविना छापलेली साधी प्रत पुरेशी आहे आणि ती स्वस्तही मिळते. ध्वनिमुद्रणासाठी मी अर्धा तारा वाढवून देते, पाचपैकी साडेतीन. माझ्या प्रतीत त्या पांढऱ्या किनारीच्या ओळीशेजारी आता पेन्सिलीने क्रमांक घातलेला आहे, आणि मागे टिपांच्या यादीत त्या क्रमांकापुढे लिहिण्यासाठी मी जागा रिकामी ठेवली आहे.